मोडी वाचून देणाऱ्या ताई आणि आमच्या घरचे लिलावाचे कागद

आधी हिशेब सांगते, कारण मला पहिलं तेच विचारलं जातं. पानाला तीनशे रुपये. अकरा पानं दिली, पैसे दहाचे घेतले. दोन आठवडे सांगितले होते, पाच लागले. तरीही ज्यांच्या घरात मोडी कागद पडून आहेत त्यांना मी डोळे झाकून सांगेन, असंच काम करणारं माणूस शोधा.

ताईंचं नाव इथे देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मोडी वाचणाऱ्यांच्या दारात माणसांची रीघ लागली. तेव्हापासून हातातलं काम संपत नाही म्हणतात. पण पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गात शिकलेली माणसं आता बऱ्याच ठिकाणी सापडतात. चांगलं वाचणारं कोण आणि नुसतं उरकणारं कोण, हे ओळखता यावं म्हणून एवढं लांबण लावून लिहितेय. मी स्वतः आधी एकदा फसले आहे.

कागद माझ्या सासरचे. आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या जुन्या भीमथडी तालुक्यातलं, सुप्याचा बाजार पायी गाठता येईल इतक्या अंतरावर. माझे सासरे, आण्णा, ८१ वर्षांचे. माळ्यावर पत्र्याची पेटी होती, तिच्यात लाल कापडात बांधलेला दोरा गुंडाळलेला कागदांचा बस्ता. दर दिवाळीला पेटी खाली यायची, पुसायची आणि परत वर जायची. बस्ता कुणी सोडायचं नाही. कारण आत काय आहे ते सगळ्यांना ‘माहीत’ होतं: आण्णांच्या पणजोबांचं रान सावकाराच्या देण्यापायी लिलावात गेलं, सगळंच्या सगळं गेलं, आणि लिलावात ते घेतलं आमच्याच भावकीतल्या थोरल्या पातीनं. आज जे बारा एकर आहे ते पुढे कुणीतरी मुंबईच्या गिरणीत राबून परत विकत घेतलं. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्याच्या पहिल्या महिन्यात चुलीपुढे ऐकली. थोरल्या पातीच्या लग्नाला आमच्यातलं माणूस अक्षता टाकतं आणि न जेवता परत येतं, ते का, हे सांगताना काकींनी ऐकवली होती.

मी गावात दूध संकलन केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ फॅट लावायची, रजिस्टर भरायचं, दर दहा दिवसांनी हिशेब. त्यामुळे कागदाला काय लिहिलंय ते कळलंच पाहिजे ही सवय अंगात आहे. गेल्या वर्षी आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते सहज म्हणाले, “आता दिसतंय तर खरं, पर वाचायला येतंय कुणाला?” तेव्हा ठरवलं.

पहिल्यांदा मोबाईलवरून फोटो पाठवून घेणारी एक सेवा सापडली. नाव टाकत नाही. पानाला शंभर रुपये, दुसऱ्या दिवशी हातात. अकरा पानांचं त्यांनी दीड पान करून पाठवलं. त्यात लिहिलं होतं: “धान्याच्या राशी दोन, गाय एक, शेळ्या चार, किरकोळ सामान. सर्वे नंबर ४१ लिलावात विकला.” बस. घरच्यांना वाटलं, बघा, आपण म्हणत होतो तेच निघालं. मला मात्र एक गोष्ट खटकली. देण्यापायी जप्ती आली त्या घरात जप्त करायला धान्याच्या दोन राशी पडून होत्या? मग ते देणं का नाही फेडलं? मी फोन करून विचारलं तर उत्तर आलं, “मूळ कागदात तसंच आहे मॅडम.” पुन्हा विचारलं तर फोन उचलेनात. अकराशे रुपये गेले त्याचं मला एवढं वाटलं नाही. चुकीची गोष्ट छापील अक्षरात घरात आली आणि तिच्यावर शिक्का बसला, त्याचं वाटलं.

या ताईंकडे गेले तर त्यांनी फोटो घेतलेच नाहीत. “मूळ कागद आणा, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत आणा,” म्हणाल्या. आण्णांना घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी टेबल, टेबलावर पांढरा कापडी रुमाल अंथरलेला. बस्ता सोडायच्या आधी त्यांनी अर्धा तास नुसती चौकशी केली. गावाचं नाव, जुन्या वस्त्यांची नावं, शिवारातल्या रानांना काय म्हणतात, ओढा कुठून वाहतो, भावकीत किती पात्या, देव कुठला. आण्णा एकेक सांगत होते आणि त्या वहीत टिपत होत्या. मला तेव्हा वाटलं, वेळ घालवतायत. नंतर कळलं की याच्याशिवाय मोडी वाचताच येत नाही.

कारण मोडी लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही. वर शब्द तोडून लिहायची सवय: मौजेला ‘मौ॥’, तर्फेला ‘त॥’, पैकीला ‘पै॥’. ओढ्याचं नाव आधीच कानावर असेल तर ते अक्षरांच्या गुंत्यातून वर येतं. नसेल तर वाचणारा आपल्या मनातलं काहीतरी तिथे बसवतो.

पहिल्या सेवेनं नेमकं तेच केलं होतं. ताईंनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, “बैल रास दोन.” रास म्हणजे इथे ढीग नाही. जुन्या कागदांत जनावरं मोजताना रास म्हणायची पद्धत होती, घोडा रास एक, बैल रास दोन, जसे आपण आज नग म्हणतो. त्या गृहस्थांनी ‘बैल’ सोडून दिला, ‘रास’ तेवढी धरली आणि आमच्या घरच्या बैलजोडीचं धान्य करून टाकलं.

आण्णा खुर्चीत सावरून बसले. “बैल व्हते का?” एवढंच म्हणाले.

आता ती यादी लिहिते, कारण या सगळ्या कामातलं माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं तेच आहे. कागद १८७३ चा, राणीच्या छापाचा. जंगम मालाच्या जप्तीची आणि विक्रीची यादी. ताईंनी प्रत्येक ओळ जशीच्या तशी बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवली, ओळीला आकडा दिला, जिथे अक्षर लागलं नाही तिथे कंस आणि प्रश्नचिन्ह. बैल रास २, एक कोसा सहादाती, एक पांढरा जुळलेला, उजवे शिंग अर्धे, दाव्यासुद्धा. गाय रास १ वासरासुद्धा. शेळ्या रास ४. नांगर १, कुळव १, पाभर १. मोट १. घागर तांब्याची १, परात १, तांबे २. प्रत्येकापुढे आलेली रक्कम. बैलजोडी ३१ रुपये, गाय-वासरू ९, शेळ्या ५, अवजारं आणि मोट मिळून ३ रुपये ८ आणे, भांडी ४ रुपये ८ आणे. एकूण ५३.

‘कोसा’ या शब्दापुढे ताईंनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्या शहरातल्या, त्यांना तो कुणाच्या नावाचा तुकडा वाटला. मला लगेच कळलं. खिल्लारातला तो रंग आहे, आमच्याकडे आजही बाजारात कोसा, काजळी असंच म्हणतात. मी सांगितलं तर त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि समासात लिहिलं, “अर्थ मालकांकडून.” मला हे फार आवडलं. आपल्याला माहीत नव्हतं हे त्यांनी लपवलं नाही आणि दुसऱ्याचं ज्ञान आपल्या नावावरही घातलं नाही. सहादाती म्हणजे चार वर्षांच्या आसपासचा खोंड, नुकता कामाला भरवशाचा झालेला. जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, पोक्त. नव्याला जुन्याच्या जोडीला घालून शिकवत असणार. दात बघून यादी करणारा तो कारकून जनावरातला जाणकार असावा.

आणि ‘दाव्यासुद्धा’. तिथे मी दोन मिनिटं थांबले. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. जनावर जाताना घरातली बाई त्याच्या कपाळाला कुंकू लावते, पायावर पाणी घालते, आणि दावं खुंटीला परत टांगते, म्हणजे गोठा रिकामा राहत नाही अशी समजूत. बाजारात सौदा होतो तोही दोघांच्या हातावर उपरणं टाकून, बोटं दाबून. किती ठरलं ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाच ठाऊक. इथे चावडीपुढे दवंडी पिटून, अख्ख्या गावादेखत, एकवार, दोनवार, तीनवार. कागदात तीन मागण्या नोंदल्या आहेत: १८, २६, ३१. आणि दावीसुद्धा गेली.

यादीच्या तळाशी कर्जदाराची खूण आहे. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा आणि लिहिणारा शेजारी ‘निशाणी नांगर’ लिहायचा. ताईंनी भिंग आण्णांच्या हातात दिलं. एक तिरपी रेघ, तिला खाली वाकडा फाळ, वर मुठीची छोटी आडवी रेघ. शाई फाळाच्या टोकाशी जाड झालीये, तिथे बोरू दाबला गेलाय. त्याच्यावर बोटभर अंतरावर, यादीत, ‘नांगर १’.

जमिनीचं पान आठवं. पहिल्या सेवेनं “सर्वे नंबर ४१ विकला” म्हणून सोडून दिलेलं. ताईंनी वाचलं, “सर्वे नंबर ४१ पै॥ एकर ७.” पै॥ म्हणजे पैकी. आजच्या सातबाऱ्यावरसुद्धा आपण गट नंबर अमुक पैकी असं वाचतोच की. मग चतुःसीमा. पूर्वेस ओढा. दक्षिणेस गावठाणाची वाट. पश्चिमेस दुसऱ्या एकाचं रान. आणि उत्तरेस, “सदरहू ऋणकोची राहिलेली जमीन.”

ऋणको म्हणजे कर्ज घेणारा. राहिलेली. सगळं गेलं नव्हतं. एकोणीस एकरांच्या नंबरातले सात एकर गेले, ओढ्याकाठचे, बहुधा सगळ्यात चांगले. उत्तरेकडचे बारा राहिले, आणि आज आम्ही जे बारा एकर कसतो ते तेच आहेत. एका शब्दाची आणि एका ओळीची गोष्ट. ती गाळली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या चुकीला आम्ही अकराशे रुपये देऊन दुजोरा विकत आणला होता.

हे कर्ज वाढलं कसं, तेही कागदांतच आहे, आणि ताईंनी ते कागद तारखेनं लावून दिल्यामुळे मला दिसलं. १८६६ मध्ये २५ रुपये घेतले, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी, १८६९ मध्ये, नवं खत, म्हणजे कर्जरोखा, आता मुद्दल ४३. आणखी तीन वर्षांनी त्यावर ३१ रुपये व्याज, झाले ७४. दावा, कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा, खर्चासुद्धा ८३ रुपये ६ आणे. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर जुळतं. दर तीन वर्षांनीच खत का बदललं, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं अशा रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता यायचा. कायदा आणला होता व्याज साचू नये म्हणून. सावकारांनी त्यावर तोड काढली, मुदत संपत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायचं. त्या नव्या खताला पुन्हा नवं व्याज. पुढे सरकारनं नेमलेल्या आयोगाला तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण सापडलं होतं.

त्यात शेतसाराही वाढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला चढलेला भाव १८६५ ला उतरला, उसनं देणारे हात आखडले, आणि नेमक्या त्याच सुमारास पहिली तीस वर्षांची जमाबंदी, म्हणजे ठरवून दिलेला सारा, संपून इंदापुरात १८६७ मध्ये, मागोमाग आमच्या भीमथडीत नवे दर आले, कितीतरी गावांना दीडपटीच्याही वर. आमच्या दुसऱ्या खतात कर्जाचं कारण लिहिलंय, “सरकार साऱ्याबद्दल.” हे शब्द मी शाळेच्या पुस्तकात कधीतरी वाचले असतील. आपल्या घराच्या कागदावर, आपल्या आडनावाखाली ते वाचणं वेगळं असतं.

या लिलावानंतर दोन वर्षांनी, १२ मे १८७५ ला, सुप्याला लोक सावकारांवर उठले. दुकानं फोडली, वह्या आणि खतं काढून जाळली. तिथून ते पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्याच्या आधी, १८७४ च्या शेवटी, शिरूरकडच्या करड्यात एका हुकूमनाम्यावरून गावानं सावकारांशी सगळा व्यवहार तोडला होता. आमच्या घरातलं कुणी सुप्याला गेलं होतं का, हे आण्णांनी दोनदा विचारलं. ताई दोन्ही वेळा तेच म्हणाल्या, “या कागदांत नाही, आण्णा.” त्यांना सहज काहीतरी गोड सांगता आलं असतं. आण्णांचा चेहरा बघून मीच सांगितलं असतं कदाचित.

त्या उठावानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यानं कोर्टाला सुरुवातीपासूनचा हिशेब उकरून बघायला लावलं, आणि जमीन मुद्दाम गहाण टाकलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ती विकता येईना. आमच्या पणजोबांची जमीन गहाण नव्हती. सहा वर्षं लवकर आली त्यांची वेळ. आणि आज १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम ६० वाचा: शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागतील तेवढी जनावरं, बियाणं, स्वयंपाकाची भांडी, यांना जप्तीत हात लावता येत नाही. मी ते कलम मोबाईलवर उघडून आमच्या यादीशेजारी ठेवलं. नांगर, कुळव, पाभर, बैल, परात. ओळीनं तेच.

आता थोरली पाती. हाच खरा नाजूक भाग होता, आणि मला वाटतं ताईंची पारख इथेच झाली. जमिनीची बोली कुणाच्या नावावर सुटली, तर खुद्द सावकाराच्या, कोर्टाची परवानगी घेऊन, ३२ रुपयांना. चौथाई रक्कम जागेवर, बाकी पंधरा दिवसांत. भावकीचं नाव जमिनीच्या कागदात कुठेच नाही. पण बैलांच्या ओळीत आहे. कोसा आणि पांढरा, दोघंही ३१ रुपयांना थोरल्या पातीच्या मूळपुरुषानं घेतले. आमचंच आडनाव, त्याच्या बापाचं नाव, सगळं स्पष्ट.

घरी आल्यावर काकींनी हे ऐकलं आणि त्यांच्यासाठी ते भांडण आणखी पक्कं झालं. “रान नसंल घेतलं, बैल तर घेतले ना? भावाच्या दारातले!” आण्णा मात्र दुसरंच म्हणत होते. सव्वीसवर बोली थांबली असती तर बैल बाहेरगावच्या माणसाला गेले असते. एकतीसला घेऊन निदान गावात तरी ठेवले. पेरणीला दिलेही असतील. सावड तर त्या काळी सगळ्यांत चालायची. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी ताईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

त्या म्हणाल्या, “काकी, कागद सांगतो की सव्वीसची मागणी दुसऱ्या गावच्या माणसाची होती आणि एकतीसची तुमच्या भावकीची. बैल नंतर कुठं बांधले, कुणाच्या औताला चालले, ते कागद सांगत नाही. मी सांगणार नाही.”

काकींना राग आला, आण्णा गप्प झाले. दोघांनाही त्या दिवशी आपलं खरं करून हवं होतं. अशा वेळी कुठल्याच बाजूला न झुकणारं माणूस मिळणं अवघड आहे, पैसे देऊनही.

सावकाराच्या नावाबद्दल एक सांगते. कागदात ते आहे, त्यांचे वंशज आजही जवळच्या गावात दुकान चालवतात, माझ्या केंद्रावर त्यांचंही दूध येतं. ते नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

ज्या गोष्टी मला आवडल्या नाहीत त्याही सांगायला हव्यात. दोन आठवड्यांचे पाच झाले आणि मधे दोनदा मला फोन करावा लागला, त्यांनी आपणहून कळवलं नाही. फोन रात्री आठनंतरच उचलतात. लिप्यंतर हातानं लिहिलेलं मिळतं. अक्षर मोत्यासारखं आहे, पण टाईप केलेलं हवं असेल तर ते आपल्यालाच करून घ्यावं लागतं. सरकारी कामाला, दाखल्याला किंवा कोर्टात लावायला हे चालत नाही. त्यासाठी अधिकृत वाचकाकडूनच प्रमाणित करून घ्यावं लागतं, आणि ही गोष्ट त्या पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगतात, हेही लिहिते. मूळ कागद पाच आठवडे दुसऱ्याच्या घरी ठेवायचे म्हणजे जिवाला घोर असतो. मी पावती मागितली, त्यांनी पानागणिक वर्णन लिहून सही करून दिली. तुम्हीही मागा.

कागद परत देताना त्यांनी ते बिनरंगी जाड कागदाच्या घड्यांत वेगळे करून दिले आणि बजावलं की लॅमिनेशन करू नका, टाचणी लावू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. आमच्या चौथ्या पानाला कुणीतरी चाळीसएक वर्षांपूर्वी चिकटपट्टी मारलेली आहे. तिच्याखालची अडीच ओळी शाई पट्टीसोबत उठून गेली आहे. ते पान दुसऱ्या खताचं. तिथे साक्षीदारांची नावं होती.

अकरावं पान पाण्यानं गेलेलं. पेटीत कधीतरी गळतं पाणी शिरलं असावं, शाईचा नुसता तपकिरी डाग झालाय. ताईंनी ते उन्हात तिरपं धरून, भिंगानं, दिव्याखाली, तीन वेगळ्या दिवशी पाहिलं. प्रत्येक दिवसाची तारीख त्यांनी माझ्यासाठीच्या वहीत लिहिली आहे. हाती लागले ते शब्द इतकेच: “…रुपये”, “…बैल”, “…ज्येष्ठ”, आणि तळाशी पुन्हा नांगर. मी तीनशे रुपये पुढे केले तर त्यांनी परत माझ्या पिशवीत टाकले. “हे पान मी वाचलेलं नाही,” म्हणाल्या.

आण्णांना ते पान आता पेटीत ठेवायचं नाहीये. त्यांनी ते घडी न घालता उशाशी, माझ्या मुलीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत ठेवलंय. ज्येष्ठ म्हणजे पेरणीचा महिना, असं ते काकींना रोज संध्याकाळी सांगतात, आणि काकी रोज म्हणतात, “मग पान वाचून आणा आधी.” ताईंनी पुण्यात जुन्या कागदांची शाई खास उजेडात बघणाऱ्या एकांचं नाव दिलंय. दूध पंधरा दिवस जाऊबाईंवर सोपवता आलं की आम्ही तिघं जाणार आहोत.